नथूची डावी भुवई

मेलेल्या मुलाची खोक मी जिवंत मुलाच्या चुकीच्या भुवईवर काढली. दिग्दर्शकानं सांगितली होती उजवी. मी काढली डावी. आयुष्यभर माणसांची तोंडं रंगवून पोट भरलेल्या माणसाला डावं-उजवं कळू नये, ही काही अभिमानानं छापून आणण्यासारखी गोष्ट नाही. पण संपादकांनी ‘दिवाळीसाठी तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ म्हणून गळ घातली. त्यांना हव्या आहेत त्या नटनट्यांच्या गोष्टी. त्या सांगता येत नाहीत, कारण त्यातली बरीच मंडळी अजून चालतीफिरती आहेत आणि त्यांचे हात लांब आहेत. ज्याच्याबद्दल मी लिहितोय तो तक्रार करायला येणार नाही. निदान तशी आशा आहे.

लढाईचा काळ होता. कच्ची फिल्म सरकारी परवान्यावर मोजून मिळायची, त्यामुळे एकदा घेतलेलं दृश्य पुन्हा घ्यायचं म्हणजे दिग्दर्शकाला स्वतःचं रक्त काढून दिल्यासारखं वाटायचं. आमचे दिग्दर्शक आत्मारामदादा तापीकाठच्या एका पाटलाच्या घरातले. शेती भावाच्या गळ्यात घालून पुण्याला आले आणि सिनेमात शिरले. पण जीव राहिला होता नदीवरच. शेवटी त्यांनी आपल्या बालपणावरच चित्रपट काढायला घेतला. गावातला एक मुलगा, त्याचा जिवलग मित्र, आणि गाव सोडण्याआधीचं शेवटचं वर्ष. बापाबरोबर सारंगखेड्याच्या जत्रेत घोडा बघायला जाणं, कापसाच्या ढिगावर लोळणं, दुसऱ्याच्या शेतातला ऊस मोडणं. आणि मग एका दुपारी मित्राचं डोहात बुडणं. त्यानंतर तो मुलगा काही मूल राहत नाही. मित्र खरा होता, नथू त्याचं नाव. डोहही खरा. आणि चित्रीकरण त्याच गावात, त्याच डोहावर करायचं, हा दादांचा हट्टही खराच.

मी मूळचा नंदुरबारचा. दुकानात बसवलेला आणि तिथून नाटक कंपनीबरोबर पळालेला. दादांनी मला मुद्दाम निवडलं. म्हणाले, “तू आपल्याकडचा. अहिराणी बोलतोस. गावाला सांभाळून घेशील.” कसं सांभाळलं ते पुढं येईलच.

घोड्यांची दृश्यं आम्ही आधी मार्गशीर्षातच सारंगखेड्याच्या जत्रेत उरकून घेतली होती. तिथंही मी माझा झेंडा लावलाच. मुलाच्या बापाचं काम करणारे गोविंदतात्या घोड्याला वाघासारखे भ्यायचे. त्यांची मिशी चिकटवायचा गोंद मी पुण्याला विसरलो होतो, म्हणून डिंकात गुळाचा पाक कालवून काम भागवलं. तात्या उसन्या ऐटीत घोडीच्या तोंडावरून हात फिरवायला वाकले आणि घोडीनं त्यांची मिशी चाटली. मग ओढली. मग खाल्ली. तात्या त्यानंतर माझ्याशी फक्त तिऱ्हाइतामार्फत बोलत.

माघात आम्ही दादांच्या गावात उतरलो. दोंडाईचा स्टेशनावरून बैलगाड्यांनी नदी गाठायची आणि पुढं नावेतून पलीकडं. गाडीच्या हिसक्यांनी माझा आरसा फुटला. इथंच माशी शिंकली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रंग लावणारा माणूस नटाच्या पुढ्यात, तोंडासमोर तोंड करून बसतो. त्याचा उजवा हात येतो नटाच्या डाव्या गालाशी. म्हणून आम्ही मधूनमधून नटाच्या मागं उभं राहून आरशात बघतो, म्हणजे त्याची बाजू आणि आपली बाजू एक होते. आरसा नाही म्हणजे डोकं वापरणं आलं. त्या सकाळी माझं डोकं बाभळीखाली चहा पीत होतं.

नथूचं काम करणारा मुलगा पुण्याचा, मधू. पोहण्यात पटाईत, आणि तोंड दळणाच्या चक्कीसारखं चालू. दादा त्याच्यासमोर उभे राहिले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “उजव्या भुवईवर खोक हवी. माझीच विटी लागली होती त्याला. अशी, मधोमध.” त्यांनी हवेत बोटानं रेघ ओढली. खोक काढायला आम्ही डॉक्टर लोकांचा एक द्रव वापरायचो, कलोडियन. ब्रशानं लावायचा, वाळताना तो कातडी आत ओढून घेतो, आणि जुना घाव भरून आल्यासारखी खाच पडते. पाण्यानं निघत नाही, खास औषधानं सोडवावा लागतो. मी मधूच्या समोर बसलो, माझ्या उजव्या हाताला आली ती भुवई धरली आणि झकास खोक काढली.

दादा आले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. “तस्सा,” एवढंच म्हणाले. दिवसभर चित्रीकरण झालं. ऊन कलल्यावर मधूचा रंग पुसताना माझ्या लक्षात आलं की मी डावी रंगवली आहे. एवढी फिल्म खर्ची पडलेली. मी विचार केला, दादांनी जवळून बघून पसंत केलं आहे, मग आपण शहाणपणा कशाला करा? दुसऱ्या दिवशीही डावीच काढली. काम सलग दिसायला हवं म्हणून तो द्रव रोज सोडवायच्या ऐवजी तसाच ठेवला. मधूला सांगितलं, “हात लावू नकोस, वाळू दे छान.”

तिसऱ्या दिवशी दुपारी चिंधामाय आली.

ती नथूची आई. गावाबाहेरच्या मळ्यात राहायची, म्हणून तोवर तिची गाठ पडली नव्हती. डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन ती नदीच्या वाटेनं चालली होती, आणि मधू आमच्या छत्रीखालून उठून उन्हात आला. ती थांबली. टोपली खाली ठेवली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. सरळ त्याच्याजवळ गेली आणि अंगठ्यानं त्याची डावी भुवई चाचपली.

“मन्हा नथू उना,” ती म्हणाली. आला, म्हणाली. वाट बघत असल्यासारखी.

दादा धावत आले. बाईंच्या पाया पडले. समजावू लागले, “माय, हा आपला नथू नाही, सिनेमातला पोरगा आहे. आणि नथूची खोक तर उजवीकडं होती...” बोलता बोलता त्यांनी मधूकडं बघितलं, आणि खोक डावीकडं दिसली.

“डावी व्हती,” चिंधामाय म्हणाली. “न्हावाडेल शे मी त्याले. तू नही.” न्हाऊ घातलेली आई होती ती.

दादा हात वर करून, समोर कोणीतरी उभं आहे असं धरून, स्वतःशीच बाजू लावत राहिले. खेळगड्याला माणूस समोरून बघतो. समोरच्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. इतकी वर्षं त्यांनी नथूला आपल्या बाजूनं आठवलं होतं. त्यांनी चुकीची सांगितली, मी चुकीची काढली, आणि दोन गाढवांनी मिळून बरोबर जागी खूण केली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आता एक रीत सांगितली पाहिजे, कारण ती मला माहीत असून सुचली नव्हती. आमच्या भागात घरातला कोणी अकाली गेला की त्याचा वीर होतो. देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक बसवतात. धुळवडीला घरातल्याच एखाद्या पोराला फेटा बांधून, तोंड रंगवून, खोबऱ्याच्या वाटीत तो टाक देऊन डफाच्या तालावर मिरवतात. त्या दिवसापुरता तो पोरगा गेलेला माणूसच असतो. बाया त्याच्या पायांवर पाणी घालतात, म्हातारे त्याच्यासमोर चप्पल काढतात. आणि दिवस मावळायच्या आत, ज्यानं त्याला सजवलं त्यानंच नदीवर नेऊन त्याचा साज उतरवायचा, तोंड धुवायचं आणि वीराला ‘जा’ म्हणायचं. उतरवायचं राहिलं तर काय होतं, हे लहानपणी आम्ही विचारत नव्हतो. कोणी सांगतही नव्हतं.

आम्ही होळीच्या आधीच एका मुलाला मेलेल्या मुलाचा चेहरा दिला होता, आणि तो उतरवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं. मधू गल्लीतून निघाला की ओट्यावरचे म्हातारे उठून उभे राहायचे आणि चपला बाजूला सारायचे. बाया तांब्या घेऊन दारात येत, त्याच्या पायांवर पाणी घालत आणि वर न बघता आत जात. कोणी त्याच्याशी बोलत नसे. कुत्री त्याच्या वाटेतून उठून जात, भुंकत नसत. चिंधामाय रोज दुपारी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणायची. पहिल्या दिवशी आमटीतल्या तिखटानं नाक गळालेला हा पुणेकर तो ठेचा निमूट खायचा. चक्की बंद पडली होती. “मधू” म्हटलं तर दोनदा हाक मारावी लागे. दृश्यात कोणी “नथू” म्हटलं की मान लगेच वळे.

दादा खूश. “भूमिकेत शिरलाय पोरगा,” म्हणाले.

मी म्हटलं, “दादा, कोण कुणात शिरलंय ते एकदा बघायला हवं.” माझ्या विनोदाला मीच एकटा हसलो.

एका भर दुपारी जेवणाच्या सुट्टीत मधू दिसेना. मी शोधत डोहावर गेलो. वारा नव्हता. पाणी तेल ओतल्यासारखं. तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता, पाठमोरा.

“चल रे, ऊन लागेल.”

“आठे पानी थंडं शे,” तो वळून न बघता म्हणाला. इथं पाणी थंड आहे, असं.

मी हळूच विचारलं, “अहिराणी कोणी शिकवली तुला?”

तो वळला. “कसली?” अगदी सदाशिव पेठेतल्या आवाजात. “मी काही बोललोच नाही.”

मी स्वतःची समजूत घातली. पोरं कानानं शिकतात, आठवडाभर गावात आहे, उचलला असेल शब्द. समजूत चांगली होती, दुपारभर टिकली. मग डोहाच्या दृश्याची तयारी सुरू झाली, आणि कॅमेऱ्याच्या नावेसाठी दगा भोईला बोलावलं. दगाआप्पा म्हणजे गावाची नाव चालवणारा म्हातारा. कॅमेरा नेईन म्हणाला, माणसं नेईन म्हणाला. मधूकडं बोट केलं आणि मान हलवली.

“याले नही.”

“का हो आप्पा?”

“एकदा आनेल शे मी याले मन्ही नावमा. आडवा. आते परत नही बठाडसू.”

हे तो चिडून नाही, शांतपणे म्हणाला. माल बसणार नाही असं सांगावं तसं.

दृश्य असं होतं. नथू काठावरून हसत डोहात सूर मारतो आणि वर येत नाही. मधूनं सूर मारायचा, पाण्याखालून लव्हाळ्याच्या आडोशाला पोहत जायचं आणि तिथं बाहेर निघायचं. त्याला ते डाव्या हातचा मळ होतं. ऊन उतरायला लागलं की पाण्यावर चकाकी येते, तेव्हाच हे घ्यायचं, एकदाच. परत घेण्याइतकी फिल्म उरलीच नव्हती.

कॅमेरा नावेत चढला, ऊन परतवायला चंदेरी कागद चिकटवलेल्या फळ्या काठावर उभ्या राहिल्या, आणि चिंधामाय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्यामागं अख्खं गाव.

“तू सजाडा. तूच उतार.”

“मावशी, एवढं एक दृश्य होऊ द्या, मग...”

“तू नंदुरबारना नं? तुले नही माहीत? याले असाच पानीमा धाडशात ते नदी दोन्हीस्ले ली जाई.”

दोघांनाही नेईल. मी दादांकडं बघितलं. दादा मावळतीकडं बघत होते. त्यांना फक्त ऊन दिसत होतं. ते माझ्या कानाशी म्हणाले, “काहीतरी कर, पण खोक घालवू नकोस.”

तेव्हा मला एक युक्ती सुचली. माझ्या युक्त्यांचा इतिहास घोडीनं खाल्लेल्या मिशीपर्यंत जातो, हे वाचकांना ठाऊक आहेच. म्हटलं, पाण्यानं चेहरा धुतल्याचं सोंग करू. वरचा रंग जाईल, बाईंचं समाधान होईल. खोक काही पाण्यानं जात नाही, ती राहील, दादांचं दृश्य होईल. मी मधूचा हात धरून गुडघाभर पाण्यात गेलो, ओंजळीनं त्याचं तोंड धुतलं, फडक्यानं पुसलं आणि गावाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, “जाय भो, तुन्ह्या जागाले जाय.”

रंग ओघळून गेला. पुण्याचा गोरटा चेहरा वर आला. आणि त्यावर ती खोक, आता आणखीच ठळक.

“गया नही,” काठावरून चिंधामाय म्हणाली.

मधूनं माझ्याकडं बघितलं आणि हसला. ते हसू मी त्या पोराच्या तोंडावर त्याआधी पाहिलं नव्हतं. थट्टा पकडल्यावर एखादा जुना दोस्त हसतो तसं. त्यानं माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि माझ्याकडं तोंड करून उलट्या पावलांनी आत जाऊ लागला. मांड्यांपर्यंत. कमरेपर्यंत. सूर मारायला नाही. काठ सोडून, माझ्यावरची नजर न काढता, मागं मागं. त्याच्यामागं डोहाचं पाणी काळं होतं.

“मधू!” मी ओरडलो. तो थांबला नाही. पोहणाऱ्या मुलाला पाण्याची काय भीती, असं मला कोणी म्हणेल. पण मी सांगतो, तो मुलगा पोहायला निघालेला नव्हता.

मला पोहता येत नाही. तरी मी पुढं धडपडलो, घसरलो आणि तोंडभर तापी प्यायलो. वर आलो तेव्हा चिंधामाय माझ्या पुढं गेलेली होती, लुगडं पाण्यावर फुगलेलं, तिनं त्याचं मनगट घट्ट धरलेलं. “काढ!” ती माझ्यावर खेकसली. औषधाची बाटली काठावरच्या पेटीत होती. मी नखानं त्या वाळलेल्या पापुद्र्याची कड धरली आणि ओढली. कातडी ताणून सुटली. दुखायला हवं होतं. पोरानं पापणीही हलवली नाही. पापुद्रा हातात आला, पण इतके दिवस ठेवल्यानं खाली खाच पडली होती. खोक होतीच.

चिंधामायनं त्या खाचेवर अंगठा ठेवला. झाकली ती. मग अगदी हळू, अंगणात खेळणाऱ्या पोराला आत बोलवावं अशा आवाजात, म्हणाली, “नथू, आते जाय, राजा. हाऊ पोऱ्या दुसरी मायना शे. सोड त्याले. जाय.”

तिनं स्वतःच त्याला घालवलं. इतक्या वर्षांनी आलेल्या पोराला.

“जास, माय,” तो म्हणाला. जातो, म्हणाला.

आणि तो पाण्यात कोसळला. आम्ही दोघांनी त्याला धरलं. थोड्या वेळानं तो दात वाजवत, अगदी रडवेला होऊन म्हणाला, “मला पाण्यात का आणलंय? दृश्य झालं का?”

दगाआप्पानं नाव आमच्याकडं वळवली आणि हात पुढं करून मधूला उचलून आत घेतलं. उभा.

दादांनी मग ते दृश्य घेतलंच नाही. ऊन होतं, कॅमेरा तयार होता, मुलगाही घाबरत घाबरत मारतो म्हणत होता सूर. दादा म्हणाले, “नको. एकदा बघितलंय मी.” आणि वाळूत बसून लहान मुलासारखे रडले. नावेतल्या कॅमेरावाल्यानं कोणी न सांगता यंत्र चालू ठेवलं होतं. चित्रपटात शेवटी कंबरभर पाण्यात उभी असलेली एक बाई आणि एक मुलगा दिसतात ना, ते हेच; मी तेवढा चौकटीबाहेर राहिलो. लोक त्या अभिनयाचं फार कौतुक करत. त्या चित्रीकरणात ध्वनी नव्हता. पुण्याला पडद्यावर बघितलं तेव्हा मुलाचे ओठ हललेले स्पष्ट दिसले. मधू माझ्याशेजारी बसला होता. मला म्हणाला, “काका, मी तिथं काय बोलतोय?” मी म्हटलं, “संवाद.” त्याच्या भुवईवरची खाच बरेच दिवस राहिली. खाच भरून आल्यावर त्याच्या आईनं मला घरात घेतलं. चहा दिला नाही.

गाव सोडतानाचं सांगायचं राहिलं. सामान नावेत चढत होतं. मधू पुन्हा बडबडायला लागला होता. ओट्यावरचे म्हातारे बसल्या जागेवरून त्याला “काय रे पुनेकर” म्हणत होते आणि कुत्री त्याच्यावर मनसोक्त भुंकत होती. चिंधामाय भाकरीची टोपली घेऊन वाटेवरून आली. मधू तिच्या पाया पडायला वाकला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कुणाच्याही पोराच्या ठेवावा तसा, आणि पुढं निघाली. त्याच्या भुवईकडं तिनं बघितलंही नाही.

मग माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, मलाही काही आशीर्वाद मिळणार. मी टोपी काढली.

ती मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळत, पोळ्याचं आवतण द्यावं तशी म्हणाली, “रंग लावता येस तुले, काढता येस नही. पोयाले ये, रंगारी. बैलेस्ना शिंगे रंगाड. ते पुसना पडतस नही.”